लाँड्रीवाल्या बाईंची उचल

त्या बाईंना मी वर्गात घ्यायला नकार दिला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे लोकांनी मला श्रेय दिलं, पाठीवर थापा मारल्या, तेव्हा मी मूग गिळून बसलो. आता लिहायलाच बसलोय तर निदान सुरुवात तरी खरी करावी.

शनिवारी दुपारी दोन ते चार, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी हिशेब शिकवतो. दुहेरी नोंद पद्धत, अगदी नवशिक्यांसाठी, बारा शनिवार. समोर बसणारी पोरं-पोरी वीस-बावीस वर्षांची, कुठल्या ना कुठल्या परीक्षेच्या मागे लागलेली. त्यांना नियम पाठ करायचे असतात. मी पाठ करून घेत नाही ही त्यांची तक्रार, आणि तरीही ती पाठ करतात ही माझी. बत्तीस वर्षं हे चाललंय. दोन्ही बाजूंना आता सवय झाली आहे.

त्या शनिवारी दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, हात वाफेनं भाजून भाजून लालसर झालेले. काखेत शाळकरी वही.

"वर्ग भरलाय," मी म्हणालो.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली, रिकामे बाक बोटानं एकेक करून मोजले आणि म्हणाल्या, "सात." मग पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. झाला प्रवेश.

"याआधी काही शिकलाय यातलं?"

"नाही. सातवीपर्यंत शाळा. पण बेरीज चुकत नाही माझी."

"मग इथे कशाला आलात?"

"माझे दीर म्हणतात, वहिनी, खाती-बिती तुम्हाला काय कळणार. म्हणून आले."

पोरं फिसकन हसली. बाई लाँड्रीत कामाला आहेत हे कळल्यावर पुढच्या शनिवारपर्यंत त्यांचं नावही ठरलं, बॉयलर. मागच्या बाकावरून कुणीतरी ते जरा मोठ्यानं म्हणालं तेव्हा बाई वळून म्हणाल्या, "बॉयलर बंद पडला की अख्खी लाँड्री बसते. तू बंद पडलास तर कोण बसेल रे?" त्यानंतर नाव तेच राहिलं, पण म्हणायची पद्धत बदलली.

पहिल्या तासाला मी नेहमीचं सांगितलं. खाती पाच प्रकारची. धंद्याजवळ जे आहे ती मालमत्ता. धंद्यानं दुसऱ्याला जे द्यायचंय ती देणी. मालकानं धंद्यात घातलेलं ते भांडवल, म्हणजे एका अर्थी धंद्यानं मालकालाच द्यायचं असलेलं, कारण धंदा वेगळा आणि मालक वेगळा, आणि हे ज्याला पटत नाही त्यानं आत्ताच घरी जावं. कमावलं ते उत्पन्न. कमावताना संपलं तो खर्च. मालमत्ता आणि खर्च वाढले की नावे, म्हणजे डावीकडे लिहायचे. बाकीची तिन्ही वाढली की जमा, उजवीकडे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी, एकदा नावे आणि एकदा जमा. विद्या एवढीच. पुढची सगळी हमाली.

तिसऱ्या शनिवारी मी चिठ्ठ्या वाटतो. चाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एका खात्याचं नाव, आणि त्यांचे पाच ढीग करायचे. पोरांना यात अर्धा तास लागतो आणि निम्मं चुकतं. बाईंचे हात असे चालले की मी बघतच राहिलो. चिठ्ठी उचलली, वाचली, टाकली.

"आमच्याकडे रोज सकाळी हेच तर करतो," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलचं वेगळं, हॉटेलचं वेगळं, सलूनचे टॉवेल वेगळे. सलूनचा टॉवेल हॉस्पिटलच्या हौदात गेला की बसा दिवसभर निस्तरत."

मध्येच त्यांनी एक चिठ्ठी हातात धरून ठेवली. "साबणाची पोती. कोठीत आहेत तोवर मालमत्ता. हौदात पडली की खर्च. बरोबर ना?"

हे मी शिकवलंच नव्हतं. पाचव्या शनिवारी शिकवतो. "बरोबर," मी म्हणालो आणि खूश झालो, पण लगेच त्यांनी चूकही केली, त्यामुळे माझी गुरुजीगिरी शाबूत राहिली. 'गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेली रक्कम' ही चिठ्ठी त्यांनी उत्पन्नात टाकली होती.

"पैसे हातात आलेत की," बाई वाद घालायला लागल्या.

"चादरी धुतल्यात?"

"नाही अजून."

"उद्या हॉटेल म्हणालं, आमचं राहू दे, पैसे परत द्या, तर?"

बाईंनी चिठ्ठी उचलून देण्यांच्या ढिगात ठेवली. "म्हणजे हातात काय आहे याला अर्थ नाही. ते कुणाचं आहे ते बघायचं." माझ्या बत्तीस वर्षांत इतक्या सोप्या शब्दांत हे कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

वर्ग सुटला, पोरं जिन्यावरून धडधडत गेली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी वहीचा कोपरा फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि ती एकेचाळिसावी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. 'वहिनी, दरमहा तीन हजार.'

"ही कुठल्या ढिगात?"

"तुम्हाला मिळतात का हे?"

"हो. शनिवारची अर्धी सुटी सोडली तर रोज सकाळी सात ते संध्याकाळी पाच इस्त्रीच्या मोठ्या प्रेसवर असते मी."

"मग पगार झाला. खर्चात."

"भाऊजीही आता तेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "पण प्रेसवरच्या पोरींना चार हजार मिळतात. वर्षाला बोनस मिळतो, फंड कापतात. मी बोनस मागितला की भाऊजी म्हणायचे, वहिनी, तुम्हाला कसला बोनस, तुम्ही घरच्या! सर, पगारच असेल तर बोनस का नाही? आणि पगार नसेल तर ते काय आहे?"

मी खुर्चीत नीट बसलो. "मालकानं स्वतःच्या घरखर्चाला धंद्यातून पैसे काढले तर त्याला उचल म्हणतात. मजुराला आगाऊ देतात ती उचल वेगळी, ही मालकाची. ती धंद्याचा खर्च नव्हे. ती मालकाच्या भांडवलातून वजा होते."

"लिहितात कुठल्या बाजूला?"

"नावे."

"आणि पगार?"

"तोही नावेच."

"म्हणजे रक्कम तीच, तारीख तीच, बाजू तीच."

"हो."

"फक्त ढीग वेगळा."

"फक्त ढीग वेगळा," मी म्हणालो. मग बाईंनी मला सगळं सांगितलं.

लाँड्री दोघा भावांनी सुरू केलेली. थोरले म्हणजे बाईंचे यजमान, धाकटे म्हणजे हे दीर. दोघांनी तीन-तीन लाख घातले, एक जुनी दुमजली इमारत घेतली, खाली लाँड्री थाटली. वर दोन खोल्यांत थोरल्यांचा संसार. सोळा वर्षांपूर्वी थोरले गेले. तिसऱ्या आठवड्यात बाई खाली उतरून मोठ्या प्रेसवर उभ्या राहिल्या, कारण प्रेस चालवणारा माणूस सोडून गेला होता आणि हॉस्पिटलच्या चादरी थांबत नाहीत. तेव्हापासून त्या तिथेच. दीर काचेच्या केबिनमध्ये.

आता एका बड्या कंपनीनं इमारतीसह सगळं चाळीस लाखांना मागितलं होतं. दिरानं वहिनींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तीन महिन्यांचा पगार मिळेल, वर एक घड्याळ, आणि दोन महिन्यांत वरच्या खोल्या रिकाम्या करायच्या. 'लेकीकडे जाऊन राहा. सोन्यासारखा जावई आहे,' असंही वर ऐकवलं.

"लेकीकडे मी पाहुणी म्हणून जाते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "चार दिवस राहते, तिच्या हातचं खाते, परत येते. तिच्या घरात कोपरा मागायला जाणार नाही. सोळा वर्षं घरची होते आणि आता विकायची वेळ आली तर कामगार झाले होय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "जुन्या वह्या आहेत का?"

पुढच्या शनिवारी बाई हॉस्पिटलच्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं घेऊन आल्या. आत लाल कापडी बांधणीच्या दोन खतावण्या. सोड्याच्या कोठीत पंधरा वर्षांच्या पंधरा वह्या पडून होत्या, त्यातली पहिली आणि शेवटची त्यांनी उचलली होती. कडांवर सोड्याची पांढरी खपली धरलेली. बोटं चुरचुरत होती, तरी मी पानं उलटत राहिलो.

पहिल्या वहीत जुन्या कारकुनाचं अक्षर, मोत्यासारखं. 'वहिनींचे भांडवल खाते.' यजमानांचे तीन लाख त्यांच्या नावावर आणलेले, आणि वर्षाच्या शेवटी निम्मा नफा, सत्तर हजार, जमा. पुढच्या पानावर 'वहिनींचे उचल खाते.' बारा महिन्यांचे बारा आकडे, तीन हजार, तीन हजार, तीन हजार.

मी मोठ्यानं हसलो. बाई दचकल्या. पण मला राहवेना. दिराचा कंजूषपणाच त्याच्या मुळावर आला होता! कारकून गेल्यावर वही दिराच्या हातात आली. वहिनींचे पैसे पगारात लिहिले असते तर बोनस द्यावा लागला असता, फंड भरावा लागला असता, दरवर्षी वाढ द्यावी लागली असती. उचलीत लिहिलं की काहीच नाही. ते चार पैसे वाचवायला हा गृहस्थ दर महिन्याला, स्वतःच्या हातानं, लिहीत गेला की ही बाई मालक आहे. गेल्या वर्षी कंप्युटर आला, विक्रीची बोलणी सुरू झाली, तेव्हा कुठे त्यानं ते नाव बदलून पगार केलं.

मग मी शेवटची वही उघडली आणि माझं हसू विरलं. शेवटची शिल्लकच सांगत होती की दुसऱ्या वर्षापासून बाईंच्या भांडवलात नफ्याचा एक छदाम जमा नव्हता. उचल मात्र वर्षाच्या वर्षाला वजा होत आली होती. तीन लाख सत्तर हजारांतून वर्षाला छत्तीस हजार, पंधरा वर्षं. भांडवल संपून वर एक लाख सत्तर हजार नावे निघत होते. मालक म्हणून उभं राहायचं तर या वहीप्रमाणे बाईंनीच धंद्याला पैसे द्यायचे होते.

आता इथे मला माझ्याबद्दल लिहायचंय आणि ते लिहायला हात धजत नाही. मी घाबरलो. तारुण्यात मी एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो. मालकाचं घरभाडं अकरा वर्षं धंद्याच्या खर्चात लिहिलं, दरवेळी दिसत होतं, एकदाही बोललो नाही. तोच माणूस बाईंपुढे बसला होता. तो म्हणाला, "बाई, तीन महिन्यांचा पगार घ्या आणि मोकळ्या व्हा. हे उकरायला गेलात तर तुमच्याच अंगावर येईल."

बाईंनी शेवटचं पान दोनदा वाचलं. "सर, घाबरलात?"

"तुमच्या काळजीनं बोलतोय."

"माझी काळजी करणारे खूप आहेत," त्या म्हणाल्या, वह्या चादरीत बांधल्या आणि निघून गेल्या.

दोन शनिवार त्या आल्या नाहीत. "सर, बॉयलर थंड पडला का?" एका मुलीनं विचारलं, आणि चेष्टेत नाही. मला वाटलं, सुटलो, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

तिसऱ्या शनिवारी बाई हजर. धडा होता वर्षअखेरीचा. मी फळ्यावर लिहिलं: उत्पन्न आणि खर्च ही खाती वर्षापुरती. वर्ष संपलं की ती बंद करायची, दोन्हींतला फरक काढायचा, तो नफा. पुढच्या वर्षी ती पुन्हा शून्यापासून. मालमत्ता, देणी आणि भांडवल मात्र बंद होत नाहीत, ती शिल्लक घेऊन पुढच्या वहीत जातात.

"नफा मग कुठे जातो?" बाईंनी विचारलं.

"मालकाच्या भांडवलात."

"मालक दोन असले तर?"

"करारात असेल त्याप्रमाणे. काहीच ठरलं नसेल तर सारखा."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी पुढचं उदाहरण सांगायला लागलो. इतकी वर्षं शिकवतोय, पण त्या दोन रेघा कशासाठी आहेत हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "मंगळवारी अकराला विक्रीच्या सह्या आहेत, लाँड्रीत या. वह्या पंधरा आहेत, उचलायला हात लागेल. बोलायची गरज नाही." शेवटचं वाक्य मला बरोबर लागलं.

लाँड्रीत मी प्रथमच गेलो. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. डावीकडे हौद, उजवीकडे छताच्या दोरीवर ओळीनं लटकणारी हॉटेलची जाकिटं, मधोमध पलंगाएवढी मोठी प्रेस. झाकण खाली आलं की फुस्स करून वाफ सुटायची आणि दोघी जणी दोन टोकांनी चादर ओढून घ्यायच्या. अकरा बायका होत्या. कुणी मान वर केली नाही, पण सगळ्यांचे कान केबिनकडे होते. आम्ही पंधराही खतावण्या मळक्या कपड्यांच्या ढकलगाडीत रचल्या आणि बाईंनी ती गाडी ढकलत थेट केबिनमध्ये नेली.

केबिनमध्ये दीर होते, तुकतुकीत चेहऱ्याचे, कपड्यांना कडक इस्त्री. ती कुणी केली असेल हे सांगायला नको. त्यांच्यासमोर घेणाऱ्या कंपनीच्या वकीलबाई. त्या आमच्या बाजूच्या नव्हत्या आणि दिराच्याही नव्हत्या. "माझ्या अशिलाला वाद नसलेली इमारत हवी आहे," एवढं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. टेबलावर दोन कागद तयार होते. एक विक्रीचा, आणि दुसरा बाईंसाठी: मी येथील जुनी कामगार, माझी काहीही थकबाकी नाही, खोल्या मुदतीत रिकाम्या करीन.

"वहिनी, इथे सही करा. चहा सांगतो," दीर म्हणाले.

"मी कामगार नाही."

दीर हसले. कंप्युटरवरून काढलेला कागद त्यांनी वकीलबाईंपुढे ठेवला. "पगार खातं. दरमहा तीन हजार. बघून घ्या."

"तो गेल्या वर्षीचा," बाई म्हणाल्या. "आधीची पंधरा वर्षं या गाडीत आहेत. पान मी दुमडून ठेवलंय, प्रत्येक वहीत."

वकीलबाईंनी एक वही काढली, मग दुसरी, मग सहावी. बोटांवरचा सोडा झटकला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझंच," दीर म्हणाले.

"तुम्ही यांच्या नावानं भांडवल खातं ठेवलंय. त्यातून यांची उचल वजा केली आहे. नोकराला भांडवल नसतं, आणि ते वजाही होत नसतं."

दिराचा चेहरा क्षणभर पडला. पण तो कच्चा माणूस नव्हता. त्यानं शेवटची वही ओढून घेतली आणि मला ज्याची भीती होती तेच पान उघडलं. "ठीक आहे. मालक तर मालक. मग हेही वाचा. एक लाख सत्तर हजार नावे! वहिनींनी होतं त्याहून जास्त उचललंय. आधी ते भरा, मग मालकी गाजवा." आणि खुर्चीत रेलून बसला.

मी खाली फरशीकडे बघत होतो. बाहेर प्रेस थांबली होती.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "एक लाख सत्तरच. मीही तेवढेच काढलेत." त्यांनी शाळकरी वही उघडली. "आता नफ्याचं बघू. पहिल्या वर्षी कारकुनानं निम्मा नफा माझ्या भांडवलात घातला. त्यानंतर चौदा वर्षं नफा झाला की नाही, भाऊजी?"

"झाला असेल थोडाफार."

"पंचवीस लाख. वर्षावार लिहून आणलाय. दरवर्षी उत्पन्नाची खाती बंद झाली, खर्चाची बंद झाली, उरलं ते मालकांचं. मालक दोन. चौदा वर्षं ते सगळंच्या सगळं एकाच्याच भांडवलात कसं गेलं?"

"धंदा कोण बघत होतं? मी! मी नसतो तर कधीच टाळं लागलं असतं."

"त्याचा पगार घेतलात ना. व्यवस्थापकाचा पगार, महिना नऊ हजार, खर्चात लिहिलाय. त्याला मी हातही लावलेला नाही. प्रेसवर मी उभी राहिले त्याचा पगार मला कुठल्याच वहीत सापडला नाही, तोही आज मागत नाही. नुसता नफा मागते."

"करार काय होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"भावाभावांत कसला करार!" दीर उसळून म्हणाले.

"मग सारखा," बाई म्हणाल्या. वकीलबाईंनी होकारार्थी मान हलवली. बाईंचं बोट वहीवरून खाली सरकलं. "पंचवीसचे निम्मे साडेबारा. त्यातून माझ्याकडे निघतात ते एक सत्तर वजा. राहिले दहा लाख ऐंशी हजार. आणि ते नावे नाहीत, जमा आहेत."

मला त्या क्षणी उभं राहून ओरडावंसं वाटलं. हे मी त्यांना दाखवलं नव्हतं. एक लाख सत्तर हजार बघून माझी बोबडी वळली आणि त्या आकड्यामागे काय यायला हवं होतं ते मी, बत्तीस वर्षांचा मास्तर, बघूच शकलो नाही. बाईंनी तो आकडा खोटा ठरवला नाही, त्याच्यापासून पळाल्या नाहीत. तो मान्य केला आणि त्याच्या शेजारी दुसरा मांडला.

वकीलबाईंनी कामगाराचा कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि विक्रीचा कागद पुढे ओढला. 'मालक' असं जिथे छापलं होतं तिथे पेनानं 'दोन' असं वाढवलं आणि खाली आणखी एका सहीची जागा आखली. "चाळीस लाखांतले निम्मे तुमचे," त्या बाईंना म्हणाल्या. "हे दहा ऐंशी यांच्या हिश्श्यातून तुम्हाला मिळतील असं मी यात घालते. वाचा आणि सही करा. तुमच्या सहीशिवाय आता हा व्यवहार होणार नाही."

तीस लाख ऐंशी हजार. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, करा सही! कुठेही चांगल्या दोन खोल्या येतील, त्या हातांना जरा विश्रांती मिळेल.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुमचं काय म्हणणं?"

"मागे एकदा सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हणालो. "त्यानंतर माझं ऐकू नये."

बाई खळखळून हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि कागद वाचायला लागल्या. पहिल्या ओळीपासून, ओळीवर बोट ठेवून, तीन पानं. दीर घड्याळ बघत होते, वकीलबाईंनी दोनदा फोन बंद केला. बाईंनी घाई केली नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी पेन हातात घेतलं, त्याला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण विकायचं नाही."

"वहिनी!" दीर अर्धे उठले. "अहो, तीस लाख मिळतायत तुम्हाला!"

"सोळा वर्षांत पहिल्यांदा माझी सही कुणाला तरी हवी आहे. ती अशी मागितल्याबरोबर देऊन टाकू?" बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत होता. "भाऊजी, तुम्हाला बाहेर पडायचं असेल तर पडा. तुमचा हिस्सा मी घेते. माझे दहा ऐंशी त्यात वळते करा, उरलेले मी हप्त्यानं फेडीन. कागद यांच्याकडूनच करून घेऊ, यांना लिहिता येतं. नाहीतर आपण दोघंही राहू. मग नफा निम्मा आणि वही माझ्याकडे."

"विचार करायला वेळ..."

"घ्या की. मला घाई नाही. वर माझं घर आहे."

त्यांनी केबिनचं दार उघडलं. बाहेर अकराही जणी काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्या झटकन मागे सरल्या आणि उगाचच कुणी टॉवेल, कुणी जाकीट हातात घेतलं.

"चार वाजता हॉस्पिटलची गाडी येईल," बाई म्हणाल्या. "चादरी काय वकीलबाई दाबणार आहेत?"

हशा झाला, झाकण खाली आलं, वाफ सुटली. वकीलबाईंनी आपली बॅग भरली आणि माझ्याकडे बघून मान डोलावून निघून गेल्या. मी खतावण्या पुन्हा ढकलगाडीत रचायला लागलो. दीर हलले नव्हते. विक्रीच्या कागदावर आपल्या नावासमोर त्यांनी सकाळी येतायेताच सही करून ठेवली होती. त्या एकट्या सहीचा कागद टेबलावर तसाच पडून होता.